वाऱ्याला दुसरं नाव

स्तारी सालाश, ९ जून

दुन्या पोरी,

सही करू नकोस. आधी एवढं ऐक, मग बाकीची ख्यालीखुशाली.

गॉयकोनं, म्हणजे आमच्या वृद्धाश्रमाच्या साहेबानं, तुला कागद पाठवलाय हे मला आज न्याहारीला कळलं. भिंतींच्या तळाशी तू ठेवलेल्या हवेच्या फटी फोम भरून बुजवायच्या, व्हरांड्यातल्या उंच खिडक्या कायमच्या बंद करायच्या आणि खोल्याखोल्यांतून एसी लावायचे. आश्रमाचं हे घर तूच आखून बांधलेलं, त्यामुळे तुझ्या संमतीशिवाय नगरपालिकेला तिथं खिळाही ठोकता येत नाही. आणि तू काय कळवलंस? ‘राहणाऱ्यांनाच नको असेल तर माझा आग्रह नाही, सही करून पाठवते.’ आग्रह नाही म्हणे! ‘काकू, तुमच्या भिंतीला एक भोक पाडू का?’ म्हणत माझ्या दारात धरणं धरून बसलेली मुलगी तूच ना? मातीच्या भिंतीचा अभ्यास करायला आलीस आणि जाताना माझा पोरगा घेऊन गेलीस. माझं घर विकलं तेव्हाही ते भोक तसंच होतं, नव्या मालकानं विचारलंसुद्धा, उंदराचं का हो?

फोन केला असता, पण फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं मी मनानं जोडते. मागे तू तुझ्या विद्यापीठाच्या गावाहून म्हणालीस ‘एव्होरात पाऊस आहे’ आणि मी सगळ्यांना सांगून बसले की तू पुन्हा लग्न करतेयस. त्यापेक्षा पत्र बरं.

आता खरं सांगते. मागच्या ऑगस्टात आम्ही या घरात भाजून निघालो, हे गॉयको खोटं बोलत नाही. हिवाळ्यात तुझं घर म्हणजे आईची कूस, पण उन्हाळ्यात तेच घर भट्टी. तू सांगून गेली होतीस की दिवसभर सगळं लावून ठेवा, संध्याकाळी बाहेर गार झालं की बागेकडच्या फटी आणि समोरच्या उंच खिडक्या उघडा, म्हणजे वारा घरातून जाईल, जाड भिंती निवतील आणि दुसऱ्या दिवशी तो गारवा तुम्हाला परत देतील. सोपं आहे. पण उघडत कुणीच नाही. का, ते तुला मी सांगायला नको.

प्रोमाया!

समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या आणि मध्ये माणूस, याहून वाईट मरण आपल्या मुलखात कुणाला ठाऊक नाही. लढाया बघितलेली माणसं आहेत आमच्याकडे, पण आरपार वाऱ्याला भितात. तिमा आठवतो ना, रेल्वेत तिकिटं तपासायचा तो? त्याचं अर्धं तोंड वाकडं झालंय. डॉक्टर काही म्हणोत, तो म्हणतो डब्याच्या उघड्या खिडकीनं केलं. कानांत कापूस कोंबून फिरतो आणि कुणी खिडकीला हात लावला की समोर जाऊन तोंड दाखवतो. “हे बघ! असं पाहिजे का तुला?” कोण उघडेल मग?

तू पण याच मातीतली गं. वाऱ्याचा सगळा हिशेब मांडलास आणि आपल्या लोकांना कशी विसरलीस? रागावू नकोस. रागावलीस तरी सही मात्र करू नकोस.

आणि मी कोण सांगणारी, असं मनात आणू नकोस. घटस्फोट तुझा नि वेल्कोचा झाला. माझ्याशी कुणी घटस्फोट घेतलेला मला तरी आठवत नाही.

तुझी सासू,
पेर्सिदा


स्तारी सालाश, २७ जून

दुन्या बाळा,

तुझी दोन पानं मिळाली. सगळ्यांना वाचून दाखवा म्हणालीस, म्हणून जेवण झाल्यावर उभी राहिले आणि दाखवली. ‘औष्णिक साठा’ या शब्दाला तिघं झोपले. जागे राहिले त्यांच्यापैकी झागोर्का, माझ्या शेजारच्या खोलीतली, म्हणाली, “म्हणजे भिंत श्वास घेते म्हणतेय का ती पोरगी? घेऊ दे की. भिंतीला श्वास हवा म्हणून मला कशाला उघड्यावर टाकता?” लोक हसले. तिमा हसला नाही. त्यानं नुसतं माझ्यासमोर येऊन तोंड दाखवलं.

झागोर्काच्या खोलीतली, गरमी मोजणारी तुझी पांढरी डबी तुला तिकडे संगणकावर भलतेच आकडे पाठवते, ते का, ते विचारलं होतंस. कारण सापडलं. तिनं त्या डबीवर विणलेला रुमाल घातलाय. उन्हाळ्यात लेसचा, थंडीत लोकरीचा. “एकटीच असते बिचारी भिंतीवर,” म्हणाली. एवढ्या मोठ्या विद्यापीठात तू त्या आकड्यांवर डोकं फोडत असशील, या विचारानं मला हसूही आलं आणि तुझी दयाही आली.

पण पत्राच्या शेवटी जे लिहिलंस त्यानं हसू मावळलं. ‘ज्यांच्यासाठी बांधलं त्यांना ज्यात राहवत नाही, ते घर चुकलंच. मग ते कितीही पर्यावरणपूरक असो. वर्गात उभं राहून हेच शिकवायची मला आता लाज वाटते.’ आणि संशोधन सोडून कुठल्याशा मोठ्या कंपनीत विमानतळांची छपरं आखायला जाणार म्हणतेस. पोरी, मला रडू आलं. तुझ्या नखांत माती असायची. वेल्कोची आई म्हणून मला तेव्हा वाटायचं, ही कसली सून, हिच्या हाताला क्रीमचा वास नाही. आता तो मातीचा हात आठवला तरी जीव गलबलतो. सही झाली तर शेजारच्या गावात तू बांधणार ती मातीची शाळाही बारगळेल, हे गॉयकोकडूनच ऐकलं. ‘एक फसलं, दुसरं कशाला’ असं नगरपालिकेत म्हणतात.

सप्टेंबरच्या बैठकीपर्यंत कागद तुझ्याकडेच ठेव. एवढं माझ्यासाठी कर. तोवर मी बघते.

एसीचं काम कुणाला मिळालंय विचारलंस. असेल कुणी झ्रेन्यानिन शहरातला. एसी लावणारे सगळे सारखेच.

पेर्सिदा


स्तारी सालाश, पेत्रोवदान, १२ जुलै

दुन्या,

बरं बाई, हो. वेल्कोच.

तुला कुठून कळलं कोण जाणे. मी लपवलं, कारण तुला कळलं असतं तर तू त्याच दिवशी सही करून मोकळी झाली असतीस, ‘वेल्कोच्या पोटावर पाय नको’ म्हणून. तुझा स्वभाव मला पाठ आहे. त्याच्या मनात तुझ्याबद्दल वाईट काही नाही. त्याला काम दिसलं, त्यानं धरलं. काल पेत्रोवदानच्या सणाची मिठाई घेऊन आला होता, सान्याला घेऊन. सान्या म्हणजे त्याची नवी बायको. चांगली आहे. माझ्या पायांना मलम चोळून गेली. तुझ्याबद्दल विचारायचं होतं तिला, पण जीभ उचलेना.

मी त्याला म्हटलं, “आईच्या खोलीत मशीन लावणार तू?” तर म्हणतो, “आई, तू गुदमरतेयस. मी काय ते बघत बसू?”

आणि आता दुसरी गोष्ट, ती पण सांगूनच टाकते. माझ्या खोलीची फट बुजवलेली आहे. आजही आहे. लोकरीचा मोजा कोंबलाय, माझ्याच हातानं. अख्ख्या घराला तुझी बाजू पटवून देते आणि खोलीत गेल्यावर आधी मोजा चाचपून बघते. मानेला गार लागलं की माझी आई ओरडायची ते कानात वाजतं, मग काही सुचत नाही. तर मला नको सांगूस की लोक अडाणी आहेत. मी लोकांतच आहे.

पण या मोज्यामुळंच मला एक सुचलं. सकाळी तो हातात घेऊन उभी होते आणि बाहेर झागोर्का तिची खोली सताड उघडून चादरी झटकत होती. म्हटलं, “झागा, प्रोमाया!” तर माझ्याकडे असं बघितलं की मीच वेडी. म्हणाली, “प्रोमाया कसला? लुफ्त देतेय!”

ऐकलंस? लुफ्त! आपल्या बनात प्रांतात कोणती बाई रोज सकाळी अंथरुणाला लुफ्त देत नाही? तेच दार, तीच खिडकी, तोच वारा. माणसाला लागला की प्रोमाया, गादीला लागला की लुफ्त. प्रोमायानं माणूस मरतो, आणि लुफ्त न देणारी बाई गावात आळशी ठरते. जर्मन आले नि गेले, पण हा शब्द ठेवून गेले, त्यांचं भलं होवो.

तुझं नाव फळावरून ठेवलंय असं तू सांगतेस. पण आमच्याकडे दुन्या म्हणजे पिसांची जाड रजई, आणि तुझ्या लग्नात सगळ्या वऱ्हाडानं तुला त्यावरून छळलं होतं. प्रत्येकाच्या पेटीत एकेक दुन्या आहे, उन्हाळाभर नुसती घामेजून पडलेली. मी आज जेवणघरात जाहीर केलं की माझ्या सासूबाई म्हणायच्या, दुन्येला उन्हाचा नव्हे, संध्याकाळचा वारा द्यावा, नाही तर पिसांत किडे होतात. सासूबाई असलं काही म्हणाल्या नव्हत्या. पण मेलेल्या सासूला उलट बोलायची कुणाची छाती आहे?

उद्या संध्याकाळी व्हरांड्यात दोरी बांधतोय.

पेर्सिदा


स्तारी सालाश, ३ ऑगस्ट

दुन्या,

आधी गंमत ऐक. तुझ्या म्हणण्याप्रमाणे दोरी आडवी नाही, भिंतीच्या कडेनं बांधली, वारा अडत नाही. सूर्य कलला की आमचे म्हातारे आपापल्या दुन्या काखोटीला मारून येतात, टांगतात, फटी उघडतात, वरच्या खिडक्या काठीनं उघडतात आणि स्वतः पळत अंगणात, तुतीच्या झाडाखाली. कारण लुफ्तमध्ये माणसानं थांबायचं नसतं, एवढं त्यांना कळतं. अंगणात पत्ते चालतात. तिमा पत्त्यांत लबाडी करतो. परत आत येतात तेव्हा घर निवलेलं असतं. “यंदा उन्हाळाच सौम्य आहे,” असं गॉयको म्हणाला, आणि मी तोंडातला बेदाणा गिळून गप्प राहिले.

तुझ्या डब्यांनी तुला कळवलंच. पहिल्या पानावर तू हसलीस, ते मी तीनदा वाचलं. पण दुसऱ्या पानावर काय लिहिलंस ते! ‘पेर्सा आई, तुम्ही त्यांना फसवून खिडक्या उघडल्या. फसवल्याशिवाय जे घर चालत नाही ते मला नको. त्यांना खरं काय ते माहीत असायला हवं, आणि मग ते काय ठरवतील ते ठरवू देत. तोवर कागद टेबलावर आहे.’

मला असा राग आला! भर उन्हात बागेला दोन चकरा मारल्या. फसवून म्हणे. अगं, संसारात कोण कुणाला सगळं खरं सांगतं? तुझ्या सासऱ्यांना मी आयुष्यभर कांदा किसून घातला आणि ते मरेपर्यंत म्हणत होते, मी कांदा खात नाही. त्यांचं काय वाकडं झालं? उलट तब्येत सुधारली. लोक गार झोपतात, तुझं घर वाचतं, मातीची शाळा होते. एका शब्दाची किंमत ती काय?

हे पत्र टाकायच्या आधी एक दिवस तसंच ठेवलं. आता खाली लिहिते. राग उतरलाय. तू नवऱ्याशीसुद्धा अशीच वागलीस. तो म्हणायचा, ‘खोटं का होईना, पण मी चांगला नवरा आहे असं म्हण.’ तुला ते जमलं नाही. तेव्हा मला तुझं चुकलं वाटायचं. अजूनही थोडं वाटतं. पण अशी माणसं घर बांधतात तेव्हा भिंत सरळ येते, हेही खरंच.

बघते काय करायचं ते. मला भीती वाटते गं.

पेर्सिदा


स्तारी सालाश, १९ ऑगस्ट

दुन्या माझे,

सांगितलं मी. रात्रीच्या जेवणाला, सूप वाढायच्या आधी. म्हटलं, “ऐका, रजयांना काही होत नव्हतं. किड्यांची गोष्ट मी रचली. रोज संध्याकाळी या घरातून जातो तो प्रोमायाच. तुम्ही त्याच्यामुळेच महिनाभर गार झोपताय.”

मग झागोर्का म्हणाली, “मेलेल्या सासूच्या नावानं खोटं बोललीस तू,” आणि सूप तसंच टाकून उठली. त्याच संध्याकाळी सगळं बंद झालं. फटींत मोजे, टॉवेल, एकानं तर टोपी. आणि नेमकी तेव्हाच ती उष्णतेची लाट आली, ज्यात रस्त्याचं डांबर चपलांना लागत होतं. चौथ्या दिवशी झागोर्काला भोवळ आली. तिचे पाय सुजून मडक्यासारखे झाले, आणि तिला मी ओल्या चादरी लावत बसले. मनात म्हटलं, झालं, दुन्येचं घर मीच बुडवलं. माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. गॉयकोनं वेल्कोला निरोप धाडला की लवकर ये, आणि सोमवारी नगराध्यक्षा बाई पाहणीला येणार असंही ठरलं.

शनिवारी संध्याकाळी तिमा माझ्या दारात आला. म्हणाला, “तुझी सून काय म्हणते, यात माणूस मरत नाही?”

“सून म्हणते नाही मरत. मी म्हणते मला ठाऊक नाही.”

“ती सोडून गेलेली सून?”

“गेली असेल. सून आहेच.”

मग म्हणाला, “माझं अर्धं तोंड आधीच गेलंय. उरलेलं गेलं तर निदान सरळ तरी होईल.”

आणि पोरी, त्यानं खुर्ची उचलली आणि व्हरांड्याच्या मधोमध मांडली. गळ्याला मफलर, कानांत कापूस. “उघडा,” म्हणाला, “दोन्हीकडून.” मीच उघडलं. सगळे आपापल्या दारात उभे, जसं कुणी वारलंय. झागोर्का पडल्यापडल्या क्रूसाची खूण करत होती. वारा आला. तिमाचे केस हलले. तो डोळे मिटून, मुठी आवळून बसला होता, तिकीट नसलेला माणूस बसतो तसा. थोड्या वेळानं मुठी सुटल्या. आणखी थोड्या वेळानं घोरायला लागला.

सकाळी उठून तो आधी माझ्या आरशासमोर उभा राहिला. सगळे मागे. त्यानं गाल इकडून ताणला, तिकडून ताणला. म्हणाला, “आहे तेवढंच वाकडं.” कापूस काढून माझ्या हातात दिला. मी खोलीत गेले आणि माझा मोजा ओढून काढला. त्यात कोळ्यानं घर केलं होतं.

रविवारी कुणी कुणाला काही सांगितलं नाही. संध्याकाळी मी काठी घेऊन व्हरांड्यात गेले, तर वरच्या खिडक्या उघड्याच होत्या. कुणी उघडल्या विचारलं, तर सगळे पत्ते बघत बसले. झागोर्का म्हणाली, “मी नाही बाई,” आणि तिच्या हातात दुसरी काठी होती.

सोमवारी भर दुपारी पाहणी. बाहेर कुत्री जीभ काढून पडलेली. नगराध्यक्षा बाई घामानं निथळत आत आल्या आणि दारातच थांबल्या. मला म्हणाल्या, “मावशी, कूलर कुठं ठेवलाय?” म्हटलं, “भिंतीत.” त्यांनी भिंतीला तळहात लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग एकेकाला विचारलं, एसी हवा का? तिमा म्हणाला, “नको. त्याचा वारा मानेवर बसतो. प्रोमाया होतो.” मी तोंडावर हात धरून हसले. शेवटी बाई म्हणाल्या, “वास्तुरचनाकार बाईंची सही आली तर कायद्यानं मला काम करावंच लागेल. नाही आली तर हा विषय संपला.” आणि गेल्या.

वेल्को मोजपट्टी घेऊन आला होता. त्यानं ती उघडलीच नाही. माझ्याजवळ बाकावर बसला, शर्टाची वरची दोन बटणं सोडून. लहानपणी तापात बसायचा तसा माझ्या खांद्याला टेकून. “हे तिनं मला दहादा समजावलं होतं,” म्हणाला. “स्वयंपाकघरात, कागदावर चित्र काढून. मी टीव्ही बघत होतो.” मग उठताना म्हणाला, “आई, तिला लिही. सही नको करू म्हणावं. माझे एसी मी दुसरीकडे लावीन, उन्हाळा काय कमी आहे?”

तर लिहिलं. त्याचंही सांगितलं, माझंही सांगितलं. आता सगळ्यांना सगळं ठाऊक आहे, जसं तुला हवं होतं. घर चुकलेलं नाही, दुन्या. लोकांना त्याची ओळख व्हायला वेळ लागला. मलासुद्धा तुझी ओळख व्हायला लागलाच की.

पेर्सिदा


स्तारी सालाश, ६ सप्टेंबर

दुन्या माझ्या बाळा,

गॉयकोनं तुझं उत्तर जेवणघरात वाचून दाखवलं. वाचायला होतं काय, एकच शब्द: ‘नाही.’ तिमानं तरी त्याच्याकडून तो दोनदा वाचून घेतला. आणि मला आलेल्या पत्रात मात्र सहा पानं! विमानतळांच्या कंपनीला नकार कळवलास, ऑक्टोबरात शाळेची जागा बघायला येतेयस आणि उतरायचं कुठं म्हणून विचारतेस. हा काय प्रश्न झाला? माझ्या खोलीत दुसरी खाट टाकायला गॉयकोनं परवानगी दिलीय. त्यानं ‘नातं काय लिहू?’ विचारलं, मी म्हटलं, विचारतोस काय, लिही की.

वेल्को म्हणतो, शाळेच्या भिंती ठोकायला हात लागतील तर तो येईल. सान्यालाही यायचंय, पण तिला तुझी भीती वाटते. मी सांगितलं, भिऊ नकोस, ती फक्त भिंतींना भोकं पाडते. मलाही जरा धाकधूकच आहे. तुला बघून मी रडणार, आणि तुला रडलेलं आवडत नाही. चालवून घे.

खसखशीची गोड गुंडाळी, श्त्रुडला, करून ठेवते. उशिरा पोचलीस तर कुणाला उठवू नकोस, किल्ली तुतीखालच्या कुंडीत आहे. आणि दार आत आल्यावर हातानं धरून हळू लाव. नुसतं सोडलंस तर आपटतं, सगळे जागे होतात. घरात आता वारा असतो.

तुझी,
पेर्सा आई